सासऱ्यांचा ड्रमसेट

माझ्या साडभाऊंच्या हाती लागलेली वस्तू मोडकी राहिल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही, आणि ती पहिल्यासारखी राहिल्याचंही कुणी पाहिलेलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. पांढुर्ण्याच्या बिजली ऑफिसातून लाइनमन म्हणून ते रिटायर झाले, त्या दिवशी त्यांना हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. हार सुकायच्या आत त्यांनी ते घड्याळ उघडलं होतं. चालू होतं म्हणून उघडलं, असं त्यांचं म्हणणं. बंद पडल्यावर तर कुणीही उघडतं. आमच्या घरचं जुनं टोल्यांचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केलं तेव्हापासून ते वेळ अगदी बरोबर दाखवतं, पण टोले मात्र त्याच्या मनाला येईल तेव्हा देतं. मी तक्रार केली तर म्हणाले, "टाइम पाहाले डोये हाये ना तुमाले, गुर्जी? टोले मोजून का करता?" मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्या तोंडी मी गुर्जी. ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मिक्सरला त्यांनी कूलरची मोटर बसवली आहे. चटणी अप्रतिम होते. ती भांड्यात कमी आणि भिंतीवर जास्त सापडते, एवढंच.

त्यांची दुसरी सवय म्हणजे वाजवून पाहणे. नजरेवर त्यांचा भरवसा नाही. टरबूज तर आपण सगळेच वाजवून घेतो, पण भाऊजी दार वाजवतात, भिंत वाजवतात, बसमध्ये चढले की आधी बसचा पत्रा वाजवून मग बसतात. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर बोटं ठोकून पाहिली, तेव्हा हे पडल्या पडल्या म्हणाले, "जरासं डावीकडं घ्या सायेब, तिथं आवाज बदलते." माझ्या पुतणीसाठी स्थळ पाहायला आम्ही एका गावी गेलो होतो. पोहे आले, चहा आला, मुलाचा पगार, शेती, संत्र्याची झाडं, सगळं बोलून झालं. या सबंध वेळात भाऊजी त्या घरातल्या वस्तूंवरून टिचक्या मारत फिरत होते. मुलाचे वडील बिचारे त्यांच्या मागं मागं. परतताना जीपमध्ये आम्ही विचारलं, कसं वाटलं? "पलंग सागाचा हाये, आलमारी प्लायची हाये. माणसं या दोहीच्या मधातली हाये. देऊन टाका पोरगी." मुलगी दिली. ती सुखात आहे, आणि तिची आलमारी त्याच वर्षी फुगली.

अशा माणसाच्या तावडीत आमच्या सासऱ्यांचा ड्रमसेट सापडला, ही तशी होणारच गोष्ट होती. आमचे सासरे सौंसरला राहतात. आम्ही दोघंही जावई त्यांना बाबा म्हणतो. तरुणपणी बाबा एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत इकडं पार छिंदवाड्यापर्यंत आणि तिकडं काटोलपर्यंत त्यांच्या पार्टीला बोलावणी असत, आणि पायानं वाजवायचा तो मोठा ड्रम बैलगाडीतून उतरला की वस्त्यांवरची पोरं गाडीमागं धावत. पुढं ऑक्टोपॅड आले, मग डीजे आले, पार्टी पांगली, आणि ड्रमसेट घरामागच्या गुरांच्या कोठ्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाखाली गेला. त्याचं बाबांना विशेष काही वाटलं नसावं. पण मागल्या वर्षी आमच्या सासूबाई गेल्या आणि बाबांनी खाट धरली. आजार म्हणावा तर डॉक्टरांना काही सापडेना. जेवण दिलं तर जेवायचे, विचारलं तर होकाराचं "हाव" म्हणायचे, आणि उरलेला वेळ भिंतीकडं तोंड करून पडायचे. दोन्ही मुली जाऊन रडून आल्या, आम्ही जावई समजावून आलो, विहारातली मंडळी येऊन बसून गेली. भिंत काही सुटेना. हा माणूस असाच पडल्या पडल्या आपल्या हातून जाणार, ही भीती घरात सगळ्यांच्या मनात होती, फक्त बोलत कुणी नव्हतं.

भाऊजी तर नाहीच नाही. ते एके दिवशी कोठ्यात शिरले, पऱ्हाटी बाजूला सारली, मोठ्या ड्रमवर टिचकी मारली आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "वस्तू खराब होऊन राहिली. पांढुर्ण्याले नेतो." ताईंनी विचारलं, काऊन? "जयंतीले वाजला पायजे." कोण वाजवणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाबांना विचारलं तेव्हा भिंतीकडूनच "हाव" आलं.

ड्रमसेट आम्ही दोघा साडवांनी बसनं नेला. त्या दिवशी नेमका शनिवार होता आणि बस जामसांवलीच्या हनुमानाला निघालेल्या मंडळींनी भरलेली. भाऊजींनी मोठा ड्रम मांडीवर घेतला, म्हणजे खरं तर ते ड्रमच्या मागं होते आणि समोरून फक्त त्यांची टोपी दिसत होती. कंडक्टरनं ड्रमचं तिकीट मागितलं. यांनी त्याचं वय विचारायला सांगितलं, बारा वर्षांच्या वरचा असेल तर पूर्ण काढतो म्हणाले. वाटेत एका म्हातारीला वाटलं, हा देवळातला नगाराच आहे. तिनं ड्रमला हात लावून हात कपाळाला लावला, मग तिच्या सुनेनं लावला, मग सगळ्या बसनंच. भाऊजी विहारात नेमानं जाणारे, असल्या बाबतीत कडक. मला वाटलं, आता बसमध्ये भाषण होणार. पण ते फक्त ड्रम घट्ट धरून बसले. उतरल्यावर मी छेडलं तर म्हणाले, "पाया पडून कोणाचं मन हलकं होत असन तं ड्रमाचं का बिघडते?"

मग त्यांच्या घरात जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणणं फार सौम्य होईल. सगळा सेट सुटा झाला. बैठकीच्या खोलीत ड्रमांची लाकडी पिंपं, ओसरीवर स्टँडं, झांजा गच्चीवर, आणि पाहुण्यांनी कुठं बसायचं हा प्रश्न ताईंनी पाहुणे बंद करून सोडवला. नट-बोल्ट गंजून गच्च झाले होते. बाजारात गंज काढायचं औषध मिळतं, पण भाऊजींचा बाजारावर विश्वास नाही. त्यांनी एका ओळखीच्या बगिच्यातून गळलेली, कच्ची, आंबट संत्री पोत्यानं आणली, त्यांचा रस बादलीत काढला आणि सगळं लोखंड त्यात बुडवून ठेवलं. गंज सुटला, हे मान्य केलंच पाहिजे; बोल्ट नव्यासारखे झाले. पण दोन मोहल्ल्यांच्या मुंग्या, माशा आणि गांधीलमाश्या त्यांच्या अंगणात मुक्कामाला आल्या. ताई घागर घेऊन बाहेर पडायच्या त्या डोक्यावरून चादर घेऊन. पॅडलचा चामड्याचा पट्टा तुटला होता. तिथं पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायचा घुंगरांचा पट्टा घुंगरं काढून बसला. एक घुंगरू काढायचं राहिलं. त्यामुळं पहिल्यांदा पाय मारला तेव्हा ड्रम घुमला आणि मागून बैल आल्यासारखा आवाज झाला.

कातड्याचं प्रकरण त्याहून मोठं. आता ड्रमवर प्लॅस्टिकचे पडदे येतात, पण बाबांचा कान कातड्याचा, म्हणून कातडंच पाहिजे. जाम नदीच्या पुलापलीकडं सावरगावात डफडी मढवणारे एक म्हातारे आहेत, त्यांच्याकडं स्वारी गेली. त्या भल्या माणसानं उभ्या आयुष्यात डफडीच मढवलेली. मोठ्या ड्रमचं, म्हणजे बासचं, कातडंही त्यांनी त्याच हातानं, त्याच ताणानं ओढून बसवलं. भाऊजींनी घरी येऊन मोठ्या अपेक्षेनं पाय मारला, आणि घुमण्याऐवजी असं काही कडाडलं की शेजारची माणसं बाहेर आली. कुणाची वरात आली, नवरदेव कुठला, असं विचारू लागली. भाऊजी दारात उभे राहून प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "वरात नाई. बास हाये." मग ओलं फडकं ठेवून कातडं सैल करणं, पुन्हा ओढणं, पुन्हा सैल करणं. शेवटी एका सकाळी पाय मारला तर आवाज असा आला की माझ्या हातातल्या कपातला चहा थरथरला. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलंही नाही. फोन काढून सौंसरला बाबांच्या शेजाऱ्यांना लावला आणि विचारलं, "बाबा उठले का?" रोज सकाळी ते हा एकच प्रश्न विचारायचे, हे मला ताईंकडून नंतर कळलं. उत्तरही रोज एकच असायचं.

लाकूड त्यांनी घासलं, पुन्हा घासलं, त्यावर पॉलिशचे हात दिले. ओरखडा, खड्डा, डाग असं काही ठेवलं नाही. जयंती तोंडावर आली तेव्हा आम्ही तो सेट ओळखीच्या टेम्पोतून सौंसरला नेला आणि बाबांच्या खाटेसमोर अंगणात मांडला. नव्या नवरीसारखा झळझळत होता. ताईंनी बाबांना खाटेवर बसतं केलं. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकून मोठ्या ड्रमच्या लाकडी कड्यावरून बोटं फिरवत काहीतरी शोधू लागले. एकदा फिरवली, उलट फिरवली.

"हा माहा नाई," बाबा म्हणाले.

"तुमचाच हाये, बाबा," भाऊजी म्हणाले. "कोठ्यातूनच नेला ना मी."

"माह्या ड्रमाले इथं डाग व्हता, जवाईबापू." बाबांचं बोट कड्यावर थांबलं होतं. "जयंतीचा पोग्राम चालू व्हता अन् बत्ती गेली. गाणं बंद पडू नाई म्हणून तुमची सासू रॉकेलची चिमणी घेऊन माह्या बाजूले उभी राहिली. ऐकता ऐकता तिचा हात खाली आला. लाकूड जळालं. थो डाग." एवढं बोलून ते परत आडवे व्हायला निघाले.

वर्षभरात बाबा एवढं बोललेच नव्हते. ताई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. भाऊजींचा चेहरा मला पाहवेना. डाग त्यांनीच काढला होता, किती मेहनतीनं काढला होता तेही त्यांनाच ठाऊक. मला वाटलं, आता हे माफी मागतील किंवा निघून जातील. पण बिघडलेलं काही समोर आलं की या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. ते घरात गेले आणि कुठूनशी जुनी चिमणी शोधून, काडेपेटी घेऊन बाहेर आले.

"जागा बराबर सांगा, बाबा," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "तसाच्या तसा पाडून देतो. गोल व्हता का लांबट?"

मग बाबा उठले. सबंध उठले, खाटेखाली पाय टाकून, लुंगी सावरत.

"येडा झाला का बे तू? डाग पाडून देतो म्हणते! सासू आणून देशीन का?" इतक्या वर्षांत बाबांनी जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "अन् हे तोंड असं का वर करून ठेवलं झांजीचं? पॅडल कोणी लावलं इतक्या दूर? ड्रम मांडणं येते का तुले? सरक. सरक तिकडं. आण त्या स्टिका."

आणि ते बसले. केवळ हे सगळं किती चुकीचं लावलंय ते दाखवायला. पहिले हात चुकले, एक स्टिक सुटून खाली पडली, पाय मागं राहिला. बाबा स्वतःलाच शिव्या देत पुन्हा सुरू करत होते. मग कुठंतरी पाय आणि हात एकमेकांना सापडले आणि ठेका लागला. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले. भाऊजी हातात न पेटवलेली चिमणी धरून उभे होते, आणि शिव्या खाऊन एवढा सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

जयंतीला पोरांनी एका गाण्यापुरता डीजे बंद केला. पांढरा शर्ट घालून बाबांनी ते एक गाणं वाजवलं, आणि लोकांनी तेच पुन्हा वाजवायला लावलं. सेट आता सौंसरलाच असतो. आम्ही रविवारी जातो तेव्हा बाबा थोडा वेळ बसतात. हा थोडा वेळही आता कमी कमी होत चालला आहे. हात लवकर दुखतात, ठेका जरा संथ झाला आहे. परवा गेलो तेव्हा मोठ्या ड्रमच्या पॅडलमधून बारीक कुरकुर येत होती, प्रत्येक ठोक्याआधी एक. भाऊजींच्या पिशवीत तेलाची डबी असतेच. मी हळूच म्हटलं, तेलाचे दोन थेंब टाका की. त्यांचा हात पिशवीत गेला, तसाच थोडा वेळ आत राहिला आणि रिकामा बाहेर आला.

"राहू द्या, गुर्जी," ते बाबांकडं पाहत म्हणाले. "त्याईच्या कानाले सवय झाली असन."