आडव्या दांडीची सायकल

सन दोन हजार चोवीस. माझं वय कार्डावर एकाहत्तर. खरं किती ते मायला ठाऊक होतं, आन् ती सांगायला आता नाही. शाळा तिसरीपर्यंत. लिहिण्यात चूक झाली तर वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं. सायकलीच्या बाबतीत मात्र मी चुकत नाही, असं त्या साली संक्रांतीपर्यंत माझं मत होतं.

आमचा तांडा वसमतच्या वरच्या अंगाला, माळावर. शेत माळाच्या पल्याड आन् वाट सगळी मुरमाची, चढाची. साधी काळी सायकल त्या वाटेवर निम्म्यातच दम टाकते. लई वर्षांमागं शहरातल्या पोरांत जाड टायरच्या, सरळ हँडलच्या, गेअरच्या सायकलींची टूम आली होती. पुढं ती पोरं मोटारसायकलीवर बसली आन् सायकली गोठ्यात, कडब्याखाली गंजत पडल्या. तसल्या मी मागून आणायचो, गंज खरवडायचो आन् वसमतच्या मिस्त्रीसोबत बसून पुन्हा उभ्या करायचो. दोन जावयांना दिल्या. तिसरी, निळी, माझी. हलक्या गेअरवर टाकली की चढावर मुंगीच्या चालीनं जाते, पण माणसाला खाली उतरवत नाही.

आदल्या दिवाळीपासून माझा उजवा गुडघा आखडला. पॅडल मारायला काही तकलीफ नाही. पण पाय मागून फिरवून दांडीच्या पल्याड टाकायचा म्हटलं की तो वरच येईना. मग मी ओट्यावरून बसायला लागलो. घरापुढं ओटा, शेतात बांधावरचा दगड. ओट्यावरून बसायचं, दगडावर उतरायचं. कुणाला पत्ता नाही असं मला वाटत होतं.

फजिती झाली संक्रांतीच्या तोंडावर, हट्टा गावच्या बाजारात. तिथं उतरायला उंच असं काही सापडेना. एक चक्कर मारली, दुसरी मारली. कांदेवाली ओरडली, "काय दादा, सायकल इकायला काढली काय? समद्या बाजाराला दाखवून राहिले!" शेवटी एका उभ्या टेम्पोच्या फाळक्याला धरून कसाबसा उतरलो आन् आल्यासारखे तिचेच कांदे घेतले.

त्याच आठवड्यात निळीचा सांगाडा पॅडलच्या वर तडकला. आधी दोनदा वेल्डिंग झालं होतं. मिस्त्रीनं निरोप धाडला, तिसऱ्यांदा करणार नाही, मोडून पडाल.

पोरगं म्हणालं, "बा, काहून जीव आटवता? माझ्या मोटारसायकलीवर मागं बसा. सकाळी सोडतो, सांजच्याला आणतो."

"सांगाडा गेला, चाकं हायत. दुसरा सांगाडा बघतो."

"बघा. त्याच्यावर बसता आलं तर माझं काही म्हणणं न्हाई. न्हाई आलं तर मागची सीट."

"व्हय," मी म्हणालो. बोलून तर बसलो. पोरगं वाईट नाही. पण मागच्या सीटवरचा माणूस दुसऱ्याच्या वेळेनं शेतात जातो आन् दुसऱ्याच्या वेळेनं येतो. मला हळदीला पाणी पोचलं का ते वाटेल तेव्हा बघायला लागतं. मागं बसायचं म्हणजे शेत पोराचं झालं, मी पाहुणा.

निळी टेम्पोत टाकून वसमतला गेलो. बायकोला चष्मा करायचा होता, ती सोबत आली. मिस्त्री माझ्याच वयाचा, पिढ्यान्‌पिढ्या वसमतचा. तांड्याचा नायक मी कधी नव्हतो, पण तो मला खिजवायला नायकच म्हणतो.

"आओ नायक! तुमच्यासाठी दोन ठेवल्यात. पसंत करा."

पत्र्याखाली दोन सांगाडे दोरीनं टांगलेले होते. एक काळा, उंच, आडवी दांडी पाणसळीत बसवल्यासारखी. दुसरा जांभळा, पोरींचा. त्याची दांडी वरून निघून पार पॅडलजवळ उतरलेली, आन् वर फिकट गुलाबी फूल चिकटवलेलं. मी फुलाकडं दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

आमच्यात बैल घेताना रंग आन् शिंगं नंतर बघतात. आधी त्याला मोकळा चालवायचा आन् पाठीमागून बघायचं, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो का. बापानं शिकवलेलं तेवढंच मला येतं, तेच मी सायकलीला लावतो. निळीची चाकं काळ्या सांगाड्यात घातली, गल्लीत ढकलून सोडली आन् मागं उभा राहून पाहिलं. पानाच्या टपरीपर्यंत सुतासारखी सरळ गेली, मग आडवी झाली.

"हीच," मी म्हणालो.

"आन् दुसरी?"

"ती लेकीबाळींची."

बायको खोक्यावर बसून चहा पीत होती. तीही तांड्यातली, तिच्या बापाचे बैल आमच्याहून चांगले होते आन् ते ती विसरू देत नाही. आमच्या बोलीत बोलली, मी मराठीत लिहितो. "तुमच्या बापानं कधी जुंपून न बघता बैल घेतला काय?"

"न्हाई."

"मंग जुंपा की."

आता न जुंपून सांगतो कुणाला? दुकानापुढं ओटा नव्हता. डावा पाय पॅडलवर दिला, दोन ढांगा पळवली, उजवा पाय मागून उचलला. तो दांडीला अडकला आन् मी, सायकल, नटांचा डबा, समदं खाली.

उठून पाहिलं तर मिस्त्री आत तोंड करून पान्हा शोधत होता. पान्हा त्याच्या हातातच होता. त्या माणसाचे माझ्यावर उपकार बरेच आहेत, पण त्या दिवशी त्यानं जी पाठ केली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बायको हसली नाही. नट वेचत म्हणाली, "आता दुसरी जुंपा."

"लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते हट्ट्यात म्हणून झालंय. दोन चकरा मारल्या म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कांदेवालीनं. ओट्याचं तर मला दिवाळीपासून ठाव हाय. तिथं राख टाकू देत न्हाई मी कुणाला, पाय घसरंल म्हणून."

इतके दिवस मी लपवत होतो आन् ही माझा ओटा झाडून ठेवत होती.

मिस्त्री आतूनच म्हणाला, "नायक, नुसती चढवून बघू. न्हाई जमली तर काळी कुठं पळून चालली?"

दिवसभर आमी दोघं बसलो. चाकं, गेअर, तारा, जुनी सीट, समदं निळीचं जांभळीला चढवलं. फूल मी पात्यानं खरवडलं, अर्धं निघालं, अर्धं हटून बसलं. ऊन उतरताना मधून पाय घातला आन् बसलो. बस, इतकंच. पाय वर न्यायचं कामच नव्हतं. पानाच्या टपरीपर्यंत गेलो आन् वळून पाहिलं. बायको कपाळावर हात धरून पाठीमागून माझी चाल बघत होती, तिचा बाप बैलाची बघायचा तशी.

"सरळ हाय," ती मिस्त्रीला म्हणाली. सायकलीला म्हणाली का मला, ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर हँडलला कवड्यांची पट्टी बांधलेली. आमची माणसं बैलांवर माल वाहायची तेव्हा म्होरक्या बैलाला बांधत, तसली. पोरगं मोटारसायकल पुसत होतं. मी ओट्याकडं गेलो नाही. अंगणाच्या मधोमध त्याच्यादेखत बसलो. त्यानं फडक्यासकट हात वर करून वाट दिली. माळाच्या चढावर, जिथं दगड नाही, ओटा नाही, धरायला झाड नाही, तिथं काही काम नसताना उतरलो. जरा वेळ उभा राहिलो आन् परत बसून शेतात गेलो.