पाच नंबरची डिस्क

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या त्या कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज एका बंद खोलीतल्या, कॉम्प्युटरच्या डिस्क ठेवायच्या कपाटात साठवलेली असायची. कपाटात चौदा डिस्क, आणि ते सांभाळणं माझं काम. रोज सकाळी स्क्रीनवर प्रत्येक डिस्कची स्थिती बघायची: चालू, राखीव की बंद. क्लिक केलं की तिचं तापमान, ती किती तास फिरली, वाचताना किती चुका झाल्या, सगळं दिसायचं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. एवढ्या कामासाठी मला कुणी अमेरिकेत आणावं याचंच मला अप्रूप होतं. पहिल्या हिवाळ्यात मॅनेजरने स्वतःचा जाड कोट घरून आणून दिला होता. व्हिसा कंपनीच्या नावावर होता. नोकरी गेली की देश सोडायचा.

२००३ च्या फेब्रुवारीत एका गुरुवारी पाच नंबरची डिस्क बंद दिसली. राखीव डिस्कने तिचं काम आधीच उचललं होतं. गेलेली काढून नवी बसवायची, एवढंच उरलं होतं. आधी स्क्रीनवरून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवायचा आणि मगच हात लावायचा, असा नियम होता. मॅनेजर जेवून येईपर्यंत काम उरकून दाखवावं म्हणून मी तो टाळला. कपाटावर कुणीतरी नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पाचची ओढली. स्क्रीन शून्यापासून मोजत होती, चिठ्ठ्या एकापासून.

कपाट किंचाळू लागलं. मी चांगली डिस्क काढली होती. लगेच परत बसवली, पण कपाटाने तिच्यावर सगळं नव्याने लिहायला घेतलं. सहा तास लागणार होते. राखीव डिस्क उरली नव्हती. तेवढ्यात आणखी एक गेली तर सगळंच जाणार, आणि टेपवरची प्रत शनिवारची. मी आवाज बंद केला.

शेजारच्या टेबलावरची नागपूरची सीनियर आत आली.

"काय वाजलं रे?"

"काही नाही, ताई."

"ऑफिसात ताई म्हणू नको म्हटलं ना. म्हातारी वाटते मी." मग तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. "चार नंबरला काय झालं? सकाळी तर ठीक होती."

मी सांगितलं.

"बॉसला सांग यार. आत्ता."

"काढतील मला."

"मग बस इथेच सहा तास. माझं नाव मात्र घेऊ नको."

ती गेली. त्या बिनखिडकीच्या थंड खोलीत मी आकड्याकडे बघत बसलो. सात टक्के. नऊ टक्के. पाणी प्यायलाही उठवेना. कुणी विचारलं नाही तर संध्याकाळी सगळं आपोआप ठीक होईल, असं मनाशी घोकत होतो. एकोणीस टक्क्यांवर नऊ नंबरच्या डिस्कच्या चुका वाढू लागल्या. तीन, अकरा, चाळीस. बाहेर सगळे निवांत ड्रॉइंग्ज काढत होते, त्याच कपाटात साठवत होते. शनिवारनंतरचं त्यांचं सगळं काम माझ्या गप्प बसण्यावर टिकून होतं.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठून मजल्यावर गेला, सगळ्यांना काम थांबवून आपापली ड्रॉइंग्ज स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला सांगितलं. दोघातिघांनी लवकर सुटी मिळाली म्हणून खुशीत कोट चढवले. मला म्हणाला, "तू तिथून हलू नकोस."

नऊ नंबर टिकली. पावणेसातला सगळं चालू दिसलं. मॅनेजरने येऊन एकेक डिस्क स्वतः उघडून वाचली.

"उद्या आठला ये," तो म्हणाला. "या खोलीचं दार उघडायचं कार्ड मात्र इथे ठेवून जा."

सुटलो, असंच वाटलं तेव्हा. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. पुढे आठ महिने रोज सकाळी मी त्या दारावर टकटक करायचो आणि ताई उघडायची. "या पाहुणे," म्हणायची. मी हसायचो. दुसरी नोकरी शोधावी असं मनात यायचं, पण ज्याने मला ठेवून घेतलं त्याच्यासमोर राजीनामा धरायला हात धजायचा नाही. आणि त्याच वसंतात त्याने माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जावर सही केली. त्यानंतर कंपनी सोडली असती तर ते सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.