मार्गारेटची खोली

मुंबई विमानतळाच्या काचेच्या दाराशी बाबा म्हणाले, "मेथडिस्ट चर्चचं कॉलेज आहे म्हणून बिचकू नकोस. जिथे बसशील तिथून देवाला हाक मार." आई जूनच्या उकाड्यात माझ्या स्वेटरची बटणं लावत राहिली. २०११ साल होतं ते.

ऑकलंडच्या त्या कॉलेजात मार्गारेट नावाच्या चॅप्लेन होत्या, म्हणजे मुलांच्या सुखदुःखात सोबत करणाऱ्या धर्मगुरू. त्यांच्या खोलीत दुपारी सोमालियाची मुलं नमाज पढायची, नंतर सामोअन मुली गायच्या. मी नुसतीच बसायचे. "किया ओरा, ये," माओरीतला नमस्कार करून एवढंच मार्गारेट म्हणायच्या. तुझा धर्म कोणता, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी बाबा गेले. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला दिलेला. तो मागून घेऊन निघाले असते, तर परत येता आलं नसतं. भावाने पुण्याहून व्हिडिओ कॉल लावला. "ताई, बघवेल ना तुला?" त्या खोलीत बसून मी बाबांना अग्नी दिलेला पाहिला. कॉल संपल्यावर मार्गारेटनी हळूच विचारलं, "तुमच्यात आता काय करतात?"

"आंघोळ," मी म्हणाले.

त्या मला हॉस्टेलच्या बाथरूमपर्यंत घेऊन गेल्या आणि टॉवेल हातात धरून बाहेर उभ्या राहिल्या. मी आत मोठ्याने रडले.

मग नोकरी, लग्न, इथे कायम राहायची रेसिडेन्सी, ऑकलंडच्याच न्यू लिन उपनगरात घर, लेक. मार्गारेट निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजने ती जागा भरलीच नाही. "मी विचारलं, मुलं कुठे जातील?" त्या मला म्हणाल्या. "तर म्हणाले, काउन्सेलर आहेत की." त्याच हिवाळ्यात त्या वारल्या. खोलीत आता बीनबॅग्ज आहेत. बसायचं तर ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, आणि तेही फक्त विद्यार्थ्यांना.

२०२४ मध्ये आईला भेटायला गेले. पुण्याचा फ्लॅट विकून ती भावाकडे बंगळुरूला राहते. माझ्यासाठी तिने पाहुण्यांची चादर काढली होती. ओट्यापाशी वळून तिने विचारलं, "चहात साखर किती घालू गं तुला?"

परत आल्यावर नवऱ्याला हे सांगताना रडू आलं. "अगं, वय झालं त्यांचं," तो म्हणाला. लेक म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट शुगर."

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, जिथे आपलं रडू समजावून सांगावं लागत नाही, ते घर. तसं आता मला ना तिकडे उरलंय, ना इकडे.