बिनवाळूचं अंगण

तिसगावात आमच्या वस्तीतला विहार उंचावर आणि माझ्या आत्याचं घर त्याच्या अंगणाच्या अगदी उताराला. जरा मोठा पाऊस झाला की अंगणातलं सगळं पाणी तिच्या उंबऱ्यावरून आत. नव्वदच्या दशकात मी नगरला एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायचो. विहाराचं अंगण पक्कं करायचं ठरलं, तेव्हा मी हट्टालाच पेटलो. काँक्रीट करायचं, पण बिनवाळूचं. नुसती खडी आणि सिमेंट. खडीच्या फटींतून पाणी खाली उतरेल, खाली दगडगोट्यांचा जाड थर, तिथून जमिनीत. आत्याला म्हटलं, "या पावसाळ्यात तुझं घर कोरडं."

आमचे इंजिनिअर साहेब हसले. "हे काँक्रीट आहे की राजगिऱ्याचा लाडू?" गवंड्याला परत परत सांगूनही तो वाळूचं घमेलं घेऊन हजर. शेवटी काम होईपर्यंत मी तिथंच ठाण मांडून बसलो. काँक्रीट पक्कं झाल्यावर सगळ्यांसमोर त्यावर कळशी ओतली. पाणी बघता बघता गडप झालं. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो.

डोंबलाचं जिंकलो! मी नगरला परतलो आणि पारावर कुणीतरी पुडी सोडली, की अंगणाला भोकं पडलीत, पोरानं वाळू खाल्ली. आपल्याकडं प्रत्येक बांधकामात कुणी ना कुणी काहीतरी खातंच, लोकांचा अनुभव दांडगा. ज्यांनी डोळ्यांदेखत पाणी मुरताना पाहिलं होतं, तेही म्हणू लागले, "व्हय, वाळू न्हाईच की."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऐन पावसाळ्यात मोठ्या कौतुकानं अंगण बघायला गेलो, तर ते तुळतुळीत! वरून वाळू-सिमेंट ओतून छान घोटलेलं. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता. आत्याच्या घरात घोट्यापर्यंत पाणी आणि गोधड्या खाटेवर.

"कुणी केलं हे?" मी ओरडलोच.

"म्या करून घेतलं," आत्या म्हणाली. "आमी बायांनी डोक्यावर वाळू आनली. तुला चोर म्हनत हुते रं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "अगं, ती भोकं मुद्दाम ठेवली होती! त्यातूनच तर पाणी जाणार होतं!"

"ठावं हाय की. तूच दावलं हुतं कळशी वतून."

"मग?"

"मग काय? पानी उपसता येतं. धर ते पातेलं."

मी पातेलं घेऊन उपसू लागलो. राग इतका आला होता, की तिच्याकडं बघवेना. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा एक जण अंगणाकडं बघून कौतुकानं म्हणाला, "आता कसं झ्याक झालंय, सायेब!"

मी पातेलंभर पाणी त्याच्याच दिशेनं भिरकावलं.