बारा नंबर कोणी घालवला

काल संध्याकाळी तुम्ही टीव्हीवर काय पाहिलंत? मला सांगू नका. कोणी छापील कागद पुढे करून हेच विचारलं, तर तुम्ही खरं लिहाल का, एवढं स्वतःला विचारा. आमच्या लॉरेल गॅप या कोळशाच्या खाणगावात या प्रश्नापायी एक भला माणूस आठ महिने चोर ठरला, आणि त्याला चोर ठरवण्यात सगळ्यात पुढे मी होते.

मॅट होर्न्याक. माझ्या वडिलांबरोबर खाणीत होता. छत कोसळून गुडघा गेला, तेव्हा खाण सोडून केबल कंपनीच्या खांबाचा राखणदार झाला. गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात. खालच्या आळीत छपरावर कितीही उंच अँटेना उभा करा, पडद्यावर मुंग्याच दिसतात. म्हणून डोंगरमाथ्यावर कंपनीचा खांब आणि तिथून घरोघरी तार. हिवाळ्यात खांबावर बर्फ चढला की मॅटकाका दुखऱ्या गुडघ्याने वर चढायचा आणि लाकडी हातोड्याने तो झोडून काढायचा. चित्र परत आलं की खालच्या बायका खिडकीतून टॉवेल हलवायच्या. टॉवेल दिसल्याशिवाय हा माणूस खाली उतरायचा नाही.

मी वरच्या आळीत राहते. इथे डोंगर आडवा येत नाही, छपरावरचा साधा अँटेना पुरतो, म्हणून आमच्याकडे तार नाही.

खालच्यांचा जीव बारा नंबरात. ते दूरच्या मोठ्या शहराचं टीव्ही स्टेशन, आणि रविवारी सकाळी त्यावर मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लागायचा. खालच्या आळीतले अर्धे म्हातारे छातीत कोळशाची धूळ घेऊन बसलेत, चर्चच्या बेचाळीस पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. मॅटकाकाची बायको अ‍ॅग्नेस तर दोन वर्षं पायांनी अधू. तिचं चर्च म्हणजे बारा नंबर.

एकोणीसशे बहात्तरच्या ऑक्टोबरात बातमी आली. शेजारच्या शहरातल्या एकेचाळीस नंबरच्या स्टेशनवाल्यांनी वॉशिंग्टनच्या सरकारी प्रसारण कमिशनकडे अर्ज केला होता: दूरचं स्टेशन आमच्या बाजारात शिरतं, आमचे प्रेक्षक पळवतं, तारेवरून काढा.

मला तेव्हाच वास आला. अर्जात आमच्या खांबाची उंची, त्याची तोंडं कुठल्या दिशेला, सगळं बिनचूक होतं. आतल्या माणसाशिवाय हे कोण सांगणार? त्याच महिन्यात मॅटकाकाच्या दारात नवी कोरी पिकअप उभी राहिली. मग कारखान्यात माझ्या शेजारी शिवायला बसणारी हेलन म्हणाली, "व्हर्ना, काल तुझा मॅटकाका एकेचाळीसवाल्या साहेबाबरोबर जेवत होता. डायनरमध्ये."

"काय जेवत होता?"

"हालुश्की. कोबी-शेवयांची ती ताटली दोन वेळा घेतली. बिल साहेबाने दिलं."

"बघ. दोन वेळा."

"पण अ‍ॅग्नेसचा मिस्सा जाईल की गं."

"तिचा कशाला जाईल? खांब कोणाच्या हातात आहे? स्वतःपुरती एक तार ठेवील तो."

हे मी बोलले, आणि चार दिवसांत गावभर झालं. त्या हिवाळ्यात त्याने बर्फ झोडला, चित्र आलं, पण खिडक्यांतून एकही टॉवेल हलला नाही. तो अंधार पडेपर्यंत वर थांबला होता म्हणे. मी म्हटलं, नाटक.

जूनमध्ये केबल कंपनीच्या वकिलाने अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा बोलावली. कमिशनचा निकाल आला होता: पहिल्या तारखेपासून बारा नंबर बंद. मी उठले आणि भरसभेत मॅटकाकाला विचारलं, "हालुश्की गोड लागली का, काका?"

तो सावकाश उभा राहिला. "बेचव होती. मी त्या माणसाला विनवायला गेलो होतो, की बारा काढायचाच असेल तर तुमच्या एकेचाळीसवर रविवारचा मिस्सा लावा. तो नाही म्हणाला. गाडी कंपनीची आहे, जुनी आदल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरली. अजून काही?"

"खांबाची माहिती त्यांना कोणी दिली?"

उत्तर वकिलाने दिलं. "ती कमिशनच्या दफ्तरात आहे, बाई. कोणीही मागून घेऊ शकतं. अर्ज खांबामुळे नाही, मोजणीमुळे जिंकला त्यांनी." आणि त्याने नियम वाचला. जिल्ह्यातल्या बिनतारेच्या घरांपैकी पुरेशी घरं एखादं स्टेशन पाहत असतील, तर ते गावचं धरायचं आणि तारेवर राहू द्यायचं. नाहीतर ते दूरचं, आणि तक्रार आली की काढायचं. त्यासाठी मागच्या वर्षी बिनतारेच्या घरांत आठवडाभर भरायच्या वह्या पाठवल्या होत्या. "तुमच्या वरच्या आळीत चौदा वह्या होत्या," वकील म्हणाला. "बारा नंबर पाहणारी घरं, शून्य."

मॅटकाका माझ्याकडे वळला. "व्हर्ना, वही तुझ्याकडेही आली होती ना? काय लिहिलंस?"

मी एकेचाळीस लिहिलं होतं. सातही दिवस.

आता हसाल. पण आम्ही कंपनीच्या घरांत वाढलेली माणसं. माझ्या लहानपणी खाण कंपनीचा माणूस दारात यायचा, घरात कोणतं वर्तमानपत्र येतं विचारायचा, वहीत टिपायचा. माझे वडील युनियनचा पेपर गादीखाली ठेवायचे आणि सांगायचे, "चर्चचं कॅलेंडर." छापील प्रश्नाला, ज्याने कोणाला त्रास होणार नाही तेच उत्तर द्यायचं, हे आमच्या अंगात मुरलंय. त्यात एकेचाळीसचा दुपारचा निवेदक आमच्या मयतांची नावं वाचतो, माझ्या वडिलांचंही वाचलं होतं. त्याच्याविरुद्ध कसं लिहायचं? चौदाही घरांनी हाच हिशेब केला, एकमेकांना न विचारता. बारा नंबर आम्ही रोज पाहत होतो.

मॅटकाकाने ठरल्या दिवशी स्वतःच्या हाताने बारा नंबरचा जोड काढला. पुढच्या रविवारी माझ्या दारात ती पिकअप थांबली. अ‍ॅग्नेसला उचलून त्याने माझ्या सोफ्यावर बसवलं आणि म्हणाला, "लाव बारा." त्याच्या पुढच्या रविवारी पाच जण आले. आता अकरा येतात, खुर्च्या शेजारून आणते.

माफी मी मागितली. तो म्हणाला, "कॉफी कर." अ‍ॅग्नेस जास्त बोलते. "चर्चमध्ये कॉफी मिळत नव्हती, नवी मोजणी सावकाश होऊ द्या."

कंपनीने फेरमोजणी मिळवली आहे. नव्या वह्या काल आल्या, माझी टेबलावर उघडी आहे. शेजारच्या तेरा घरांचा मला अजून भरवसा नाही. खरं सांगायचं तर माझाही नाही. पेन हातात घेतलं की वडील आठवतात. म्हणून दारोदार फिरते आहे, आणि तुमच्याही दारात उभी आहे. अशी वही तुमच्याकडे आली, तर शहाणपणा करू नका. जे पाहिलंत तेच लिहा.