कोणाचीच गरज नसलेला पंप

आमच्या इमारतीच्या गच्चीवर भाजी उगवते ती मातीत नाही, नळ्यांत. खत मिसळलेलं पाणी पंपाने सतत खेळतं आणि पालक ऐटीत वाढतो. यंत्र सगळ्या बिऱ्हाडांचं. पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांनी ते असं बसवलं, की कोणालाही काही करावं लागू नये. त्यांना त्याचा केवढा अभिमान! अशा या यंत्रावर आम्ही देखरेखप्रमुख नेमला. का, तर पद निर्माण केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

पद गेलं कंडक्टरकाकांकडे. त्यांचं आयुष्य बसमध्ये गेलेलं, दिवसभर माणसांचा गराडा. निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या आणि घर खायला उठलं. काका रोज पंपासमोर खुर्ची टाकून बसत. पंप आपला चालत असे. काकांना करण्यासारखं काहीच नव्हतं.

मग पंप संध्याकाळी बंद पडू लागला. पडला की यंत्र आपोआप इशारा धाडी आणि सगळ्यांचे फोन कोकलत. मुळं सुकू नयेत म्हणून आम्ही बादल्या घेऊन धावायचो, नळ्यांत पाणी ओतायचो.

"घाई नको, एकेक जण या!" काका गरजायचे.

पंप सुरू झाला तरी खाली कोणी जायचं नाही, गप्पा रंगायच्या. वर्षानुवर्षं जिन्यात एकमेकांना टाळणारे आम्ही!

एकदा मी जरा आधीच वर गेलो, तर काका पंपाची पिन सॉकेटमधून काढत होते. मी पाऊल न वाजवता खाली आलो आणि बादली शोधू लागलो.

पण इंजिनिअरसाहेबांनी बैठकीत कधीच बंद न पडणारा पंप सुचवला. काकांचा चेहरा उतरला. हात वर करा म्हटलं, तर एकही हात वर नाही. साहेबांच्या बायकोचाही नाही.

"अहो, निदान बिघाड कुठे आहे ते तरी शोधू या!" साहेब म्हणाले.

"नको!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

काका काही खुळे नव्हते. सगळ्यांना ठाऊक आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं. मान खाली घालून ते घरी गेले, ते बाहेरच येईनात. पंप छान चालू राहिला. रोज संध्याकाळी आम्ही आपापल्या घरात तोंडं पाडून बसायचो. मला तर रडूच येई, आणि ते पालकासाठी नव्हे.

शेवटी एका संध्याकाळी फोन कोकलले. मी जिन्याकडे धावलो. वरून इंजिनिअरसाहेब धापा टाकत उतरत होते. माझी नजर चुकवून त्यांनी काकांचं दार वाजवलं.

"काका, लवकर चला. पंप गेला. मला काही कळत नाही त्यातलं."