सरांचं बारकं पुस्तक

खोब्रागडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच तासाची तयारी करत होते. “दोन दिवसांत बरा होऊन येतो, तोवर सांभाळ,” असं ते म्हणाले होते... महिना उलटून गेला, तरी मधूनच मला त्यांचा राग येतो. असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का?

आमचा तुलनात्मक धर्माचा विभाग छोटासा. प्राचीन यहुदी साहित्याचा पेपर सुरू करायचा हट्ट सरांचा. पाली शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे काय सुचलं, म्हणून सगळ्यांनी थट्टा केली. वर्षभर मुलं टिकली नाहीत तर पेपर बंद, अशी अट पडली. म्हणून पाठ्यपुस्तक निवडताना मी एक जाडजूड, रंगीत नकाशांचं पुस्तक उचललं. सरांचं मत मात्र एका बारक्या, फिकट छपाईच्या पुस्तकाला. मी वाद घातला, आणि चांगलाच घातला. काटोलहून बसनं येणाऱ्या पोरांना चित्रं नकोत का?

सरांनी मला प्रताप नगरच्या घरी बोलावलं. वर्षावासात विहारात एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, तसं मला मधोमध बसवलं. काकूही हात पुसत येऊन बसल्या.

“तुह्या पुस्तकाचं पयलं पान मराठीत करून वाच वं,” सर म्हणाले. “फक्त ‘यहुदी’ आलं का ‘बौद्ध’ म्हण.”

मी हसतच सुरुवात केली. बौद्ध साहित्याचं खरं महत्त्व हे, की पुढे आलेल्या एका थोर धर्माची त्यानं पूर्वतयारी केली... दुसऱ्या वाक्याला मी पुस्तक मिटलं.

“काहून थांबली?”

उत्तर काकूंनी दिलं. “हे कोनं लिवलं वं? आपलं असं काहीच नाही का मंग?”

“त्या यहुदी लोकायलेही असंच वाटत असन,” सर शांतपणे म्हणाले. “त्यायचं साहित्य त्यायचं म्हणूनच शिकवू. नकाशे मी फळ्यावर काढतो.”

मला मनापासून लाज वाटली. बारकं पुस्तक ठरलं.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काकूंनी सरांची प्रत माझ्या हाती दिली. इंग्रजी मजकुराच्या कडेला पेन्सिलीनं, मराठीत, मुलांना विचारायचे प्रश्न लिहिलेले. शेवटच्या प्रकरणाच्या कडा मात्र कोऱ्या. त्या प्रकरणाची मला धास्तीच होती.

गेल्या आठवड्यात ते शिकवलं. देशोधडीला लागलेले लोक परक्या मुलखात आपली गाणी जपतात, असा भाग. शेवटी मी खरं तेच सांगून टाकलं, “इथं सरांचे प्रश्न नाहीत.” मग हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी करून येणाऱ्या वंदनाताई उठल्या. वर्षभर त्या बोलल्याच नव्हत्या.

“मॅडम, घरदार गेल्यावर हे गाणे जपले कोनं? बायायनंच जपले असन ना?”

मी कोणाची तरी पेन्सिल मागून घेतली आणि सरांच्या प्रतीत तो प्रश्न लिहिला. मान वर केली, तर आणखी चार हात वर होते.